अँजिओप्लास्टीनंतर नस पुन्हा बुजू नये म्हणून: औषधं कुठली, किती दिवस, कशासाठी

डिस्चार्जची फाइल काउंटरवर ठेवून माणूस चिठ्ठीवर बोट ठेवतो. "यातली ब्लॉक परत होऊ नये म्हणूनची गोळी कुठली? तेवढी आज द्या, बाकीच्या पगार झाल्यावर नेतो." महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. मी खरं उत्तर दिलं की समोरचा चमकतो. त्या कामाची गोळी या चिठ्ठीत नाहीच. ते औषध तुमच्या छातीत आधीच जाऊन बसलंय, नस उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीच्या, म्हणजे स्टेंटच्या, तारेवर लेप होऊन. आणि तरीही या सगळ्या गोळ्या आजच न्यायच्या आहेत, एकही उद्यावर ढकलायची नाही.

ही दोन वाक्यं एकमेकांना छेद देतात असं वाटतं, म्हणून हा लेख. बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे आणि सात वर्षांपूर्वी वडिलांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून काउंटरच्या पुढच्या बाजूचंही थोडं कळतं. मी डॉक्टर नाही. गोळी बदलायची, कमी करायची, थांबवायची ते तुमचे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. पण गोळी कशासाठी आहे हे माहीत असलं की ती चुकत नाही, एवढं खात्रीनं सांगतो.

आधी दोन भीती वेगळ्या करा

"स्टेंट ब्लॉक झाला" या एका वाक्यात आपण दोन अगदी वेगळे प्रकार कोंबतो.

पहिला प्रकार गुठळीचा. रक्तात प्लेटलेट नावाचे कण असतात. कापलं की रक्त थांबवणं हे त्यांचं काम. स्टेंट म्हणजे त्यांच्या दृष्टीनं उघडी पडलेली धातूची जाळी, म्हणजेच जखम. ते तिथं गोळा झाले तर काही मिनिटांत गुठळी धरते आणि चांगली वाहणारी रक्तवाहिनी बंद पडते. याला स्टेंट थ्रॉम्बोसिस म्हणतात. तो क्वचित होतो, पण झाला तर बहुतेक वेळा मोठा हार्ट अटॅकच असतो.

दुसरा प्रकार सावकाश चालणारा. लहानपणी गुडघा फुटला की जखम मांस धरायची. कुणाची सपाट भरते, कुणाच्या अंगावर जाड वण उठतो. रक्तवाहिनीच्या आतही तसंच होतं. अँजिओप्लास्टीत नस उघडायला आत फुगवलेल्या फुग्यानं भिंत ताणली गेली, चरबीचा थर तडकला, की भिंतीतल्या स्नायूपेशी वाढून आत सरकायला लागतात. हा आतला वण जाड झाला की वाट पुन्हा अरुंद होते. हे रिस्टेनोसिस. ते दिवसांत होत नाही, साधारण तीन महिन्यांपासून वर्षभरात उमगतं.

चिठ्ठीतल्या "रक्त पातळ करायच्या" गोळ्या पहिल्या प्रकारासाठी आहेत. दुसऱ्यासाठी स्टेंटवरचा लेप आहे. लेप चढवलेल्या भागावर आतलं अस्तर सावकाश येतं, तोवर तार रक्तात उघडी राहते, म्हणून गोळ्यांचं महत्त्व उलट वाढतं. काउंटरवर दिलेल्या त्या दोन उत्तरांचा मेळ इथं बसतो.

तोंडानं घ्यायची गोळी का चालली नाही

हा भाग घाईत असाल तर सोडा, पण मला तो सगळ्यात रंजक वाटतो.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी ३८ वर्षांच्या एका माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. त्या माणसाची नस दहा वर्षांनी तपासली तेव्हाही उघडी होती. सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. नुसत्या फुग्यानंतर सहा महिन्यांत दर दहांतल्या तीन-चार जणांची नस पुन्हा अरुंद व्हायची. त्याची कारणं तीन. ताणलेली भिंत रबरासारखी मागे येते, पुढच्या महिन्यांत ती आक्रसते, आणि वर सांगितलेला वण वाढतो.

मग औषधांचा शोध सुरू झाला. ॲस्पिरिन, वॉरफरिन, स्टेरॉइड, बीपीची एसीई इनहिबिटर, कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, माशाचं तेल, हे सगळं देऊन पाहिलं. प्राण्यांमध्ये झकास, माणसांत फुसका बार, असंच बहुतेकांचं झालं. ट्रॅनिलास्ट हे ॲलर्जीवरचं जपानी औषध. त्याची अकरा हजारांहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली आणि २००२ मध्ये उत्तर आलं: उपयोग नाही. प्रोब्युकॉल या जुन्या औषधानं १९९७ मध्ये माँट्रियलच्या चाचणीत खरंच फरक दाखवला होता. पण ते अँजिओप्लास्टीच्या महिनाभर आधी सुरू करावं लागे. अटॅक काही महिनाभर आधी कळवून येत नाही. शिवाय त्यानं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते आणि चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, त्यामुळे ते मागे पडलं.

फॉलिक ॲसिडची गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण "व्हिटॅमिनच तर आहे, घेऊन काय बिघडतं" असं म्हणणारी माणसं रोज भेटतात. फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ एकत्र दिल्यानं नस पुन्हा बुजण्याचं प्रमाण घटतं, असं २००१ मध्ये स्वित्झर्लंडच्या अभ्यासात दिसलं. लोक खूश झाले. तीनच वर्षांनी, २००४ मध्ये, स्टेंट बसवलेल्या रुग्णांवर तोच प्रयोग झाला आणि एकूणात प्रमाण घटण्याऐवजी वाढलेलं निघालं. तुमच्या रक्तात बी-१२ कमी असेल आणि डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर जरूर घ्या. मनानं नको.

या सगळ्या अपयशांमागचं कारण आता सोपं वाटतं. तोंडानं घेतलेलं औषध सगळ्या अंगभर पसरतं. दोन-अडीच सेंटिमीटरच्या त्या जागेवर वण रोखण्याइतकं पोचवायचं तर बाकीच्या शरीराला ते सोसत नाही.

मधल्या काळात स्टेंट आला. माणसाच्या हृदयात तो पहिल्यांदा १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला बसला. तारेच्या जाळीनं भिंत मागे येणं आणि आक्रसणं थांबवलं. १९९४ च्या युरोपीय चाचणीत नुसत्या फुग्याचं ३२ टक्क्यांचं प्रमाण साध्या स्टेंटनं २२ टक्क्यांवर आणलं. पण तार सतत टोचत असल्यानं वण जास्तच वाढायचा. म्हणजे दार उघडं ठेवायला पाचर मारली आणि पाचरीभोवतीच गवत उगवलं.

उत्तर सापडलं ते मातीत. १९६४ मध्ये कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर, म्हणजे रापा नुईला गेली होती. तिथल्या मातीतल्या एका जिवाणूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानं एक औषध वेगळं काढलं. बेटावरून नाव पडलं रॅपामायसिन, आज आपण सिरोलिमस म्हणतो. कंपनीनं ती प्रयोगशाळा बंद केली तेव्हा सेहगलांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला होता. हे औषध पेशींचं विभाजन थांबवतं. आधी ते मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी आलं. डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये एदुआर्दो सोझा यांनी सिरोलिमसचा लेप दिलेला स्टेंट माणसाच्या हृदयात बसवला. २००२ मध्ये रॅव्हेल नावाच्या चाचणीचा निकाल आला. त्यात साध्या स्टेंटच्या गटात सहा महिन्यांत २६.६ टक्के जणांची नस पुन्हा बुजली होती, लेपाच्या गटात एकाचीही नाही. पुढच्या अनुभवात आकडा शून्यावर राहिला नाही. तरी आजच्या एव्हरोलिमस, झोटारोलिमस, सिरोलिमस लेपाच्या स्टेंटमध्ये तो साधारण पाच ते दहा टक्क्यांत असतो. मधुमेह, बारीक नस, लांब ब्लॉक असेल तर जास्त.

पायरी पहिली: तुमच्यात नेमकं काय केलंय ते लिहून घ्या

औषधांचा कालावधी यावर ठरतो, आणि निम्म्या घरांत हे कुणालाच सांगता येत नाही. डिस्चार्ज होताना चार गोष्टी विचारा. प्लास्टी अटॅकमुळे केली की चालताना छाती भरून येत होती म्हणून? औषधी (म्हणजे लेपाचा) स्टेंट आहे, साधा स्टेंट आहे, औषधी फुगा आहे की नुसता फुगा? कुठल्या रक्तवाहिनीत, किती व्यासाचा, किती लांबीचा? आणि दोन गोळ्या कुठल्या तारखेपर्यंत?

स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर तुमच्या फाइलमध्ये चिकटवलेलं असतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. स्टेंटच्या किमतीवरही नजर टाका. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं औषधी स्टेंटला २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटला ७,२६० रुपये अशी कमाल मर्यादा लावली, त्याआधी तो लाखाच्या घरात जायचा. मर्यादेचा आकडा पुढे बदलत आलाय, पण मर्यादा आहे. त्यामुळे "पैसे नव्हते म्हणून साधा टाकला" असं आता सहसा व्हायला नको.

चौथ्या प्रश्नाची तारीख आमच्याकडे गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर मार्करनं लिहिलेली असते. तुम्हीही लिहा.

पायरी दुसरी: दोन गोळ्यांची जोडी

ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, जिला सगळे इकोस्प्रिन म्हणूनच ओळखतात, आणि तिच्या जोडीला दुसरी एक. ती तिघींपैकी कुठलीतरी असते.

क्लोपिडोग्रेल ७५, दिवसातून एकदा. सगळ्यात जुनी, स्वस्त, आणि अटॅक नसताना केलेल्या प्लास्टीनंतर बहुधा हीच. तिची एक खोड आहे. यकृतात गेल्याशिवाय ती कामाला लागत नाही, आणि ते काम करणारं विकर (एन्झाइम) जन्मतःच मंद असलेली माणसं आपल्याकडे बरीच आहेत. त्यांच्यात ती अर्धवटच चालते.

टिकाग्रेलॉर ९०, दिवसातून दोनदा. अटॅकनंतर डॉक्टर ही बऱ्याचदा देतात. संध्याकाळची गोळी विसरली तर हिचा असर लवकर उतरतो, म्हणून दोन्ही वेळा पाळाव्या लागतात. सुरुवातीच्या दिवसांत सातांतल्या एकाला दम लागल्यासारखं वाटतं, बसल्या जागी एक खोल श्वास घ्यावासा वाटतो. बहुतेकांचं ते कमी होत जातं. लोक घाबरून गोळीच बंद करतात, ते फार वाईट. फोन करा, डॉक्टर तपासतील आणि गरज पडली तर दुसरीवर नेतील.

प्रासुग्रेल १०, दिवसातून एकदा. जोरकस. ज्यांना पूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेलाय त्यांना ही चालत नाही. पंचाहत्तरी उलटलेल्यांना किंवा साठ किलोखालच्यांना द्यायचीच झाली तर ५ मिलिग्रॅम.

किती दिवस? अटॅकनंतर साधारण बारा महिने. अटॅक नसताना औषधी स्टेंट बसवला असेल तर साधारण सहा. अल्सर, रक्तक्षय, मूत्रपिंडाचा आजार, जास्त वय, म्हणजे रक्तस्रावाचा धोका मोठा असेल तर डॉक्टर एक ते तीन महिन्यांवरही आणतात. उलट गुंतागुंतीच्या प्लास्टीनंतर कुणाला वर्षाहून जास्त. २००६ मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत पहिल्या पिढीच्या औषधी स्टेंटमध्ये उशिरा गुठळ्या होतात ही बाब गाजली, तेव्हापासून "किमान वर्षभर" हे सगळ्यांच्या तोंडी बसलं. नंतर स्टेंटच्या तारा बारीक झाल्या, लेप सुधारले, म्हणून आता कालावधी माणूस पाहून ठरतो. शेजाऱ्याच्या चिठ्ठीशी आपली चिठ्ठी जुळवू नका.

मुदत संपली की जोडीतली एक थांबते. दुसरी कायम. "कोर्स पूर्ण झाला" असं म्हणून दोन्ही बंद करणारे मी पाहिले आहेत.

हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे आधीपासून अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन किंवा वॉरफरिन चालू असेल तर हा हिशेब पूर्ण बदलतो. जोडीतल्या दोन्ही गोळ्या आणि हे तिसरं औषध एकत्र फार थोडे दिवस देतात. अशा वेळी चिठ्ठीचा अर्थ स्वतः लावायचाच नाही.

पायरी तिसरी: स्टॅटिन

गोळ्यांमधली सगळ्यात बदनाम हीच. "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलंय, मग कशाला?" नॉर्मल आलंय ते गोळीमुळे. आणि लॅबच्या कागदावर छापलेलं नॉर्मल तुमच्यासाठी नाही, ते निरोगी माणसासाठी आहे.

ॲटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० हे प्लास्टीनंतरचे नेहमीचे डोस. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, निम्म्यानं खाली आणि ५५ च्या आत, हे युरोपीय तज्ज्ञांचं लक्ष्य. आपल्याकडचे बरेच डॉक्टरही तेच धरतात. चार ते सहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा. स्टॅटिन पूर्ण डोसवर असूनही आकडा खाली येत नसेल तर सोबत इझेटिमाइब १० देतात.

स्टॅटिन स्टेंटमधला वण थांबवत नाही, ते चाचण्यांत सिद्ध झालंय. मग कशाला? कारण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्या तीन, त्यांच्या फांद्या डझनभर, आणि स्टेंट एका बोटाच्या पेराएवढ्या जागेत. पुढचा अटॅक त्या पेराबाहेरच्या कुठल्याही जागेतून येऊ शकतो. शिवाय काही वर्षांनी स्टेंटच्या आतही चरबीचा थर नव्यानं धरू शकतो.

पोटऱ्या, मांड्या दोन्ही बाजूंनी दुखायला लागल्या, लघवी गडद झाली तर लगेच सांगा. एकाच बाजूचा गुडघा दुखतोय तर त्याचं खापर स्टॅटिनवर फोडू नका.

साखर, बीपी आणि तंबाखू यांबद्दल थोडक्यात. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, साधारण ७ च्या आत आणि बीपी १३० बाय ८० च्या आत. मधुमेहात वण जास्त वाढतो, म्हणून साखरेच्या गोळ्या या स्टेंटच्याच गोळ्या समजा. सिगारेट सोडली पण मिश्री चालू, हा आपल्याकडचा खास प्रकार. मिश्री, गुटखा, तंबाखू-चुना, सगळ्यांत निकोटीन आहे.

काउंटरवर दिसणाऱ्या चुका

पहिली चूक माझ्याच घरातली आहे. प्लास्टीनंतर चौथ्या महिन्यात वडील तपासणीला गेले, तिथं नवी चिठ्ठी मिळाली. तीत एकच कॅप्सूल होती, आत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन तिन्ही. जुन्या क्लोपिडोग्रेल आणि इकोस्प्रिनची पानं डब्यात तशीच होती. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून वडील दोन्ही घेत राहिले. नऊ दिवसांनी आईला त्यांच्या दंडावर जांभळे डाग दिसले. मुलगा औषधविक्रेता आणि बाप दुप्पट डोसवर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तेव्हापासून माझा नियम झालाय: नवी चिठ्ठी आली की जुनी पानं डब्यातून बाहेर, आणि पानाच्या पाठीवरचं घटकाचं बारीक अक्षरातलं नाव वाचल्याशिवाय एकही गोळी आत नाही. मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव फसवतं.

दुसरी चूक दातांची. दाढ काढायची म्हणून कुणीतरी "रक्त पातळ करायच्या गोळ्या आठ दिवस बंद" सांगतं. साध्या दाढेसाठी हे सहसा लागत नाही. जास्त वेळ कापूस दाबून किंवा टाका घालून रक्त थांबवता येतं. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही दिवस थांबवू नका. हर्निया, गुडघा अशा पुढे ढकलता येणाऱ्या शस्त्रक्रिया असतील तर दोन गोळ्यांची मुदत संपेपर्यंत शक्यतो थांबतात. टळणारी नसेल तर दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलून जोडीतली दुसरी गोळी काही दिवस थांबवतात. ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात.

तिसरी, ॲसिडिटीची गोळी. जोडगोळी चालू असताना पोट सांभाळायला काहीतरी लागतंच. पण ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या क्लोपिडोग्रेलच्या कामात अडथळा आणतात. म्हणून क्लोपिडोग्रेलबरोबर पँटोप्राझोल बरी. ही गोळी घरातल्या कुणाच्यातरी पानातून घेतली जाते, म्हणून नाव बघा.

चौथी, अंगदुखीची गोळी. आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनची वाट अडवते, डायक्लोफेनॅकनं अल्सर आणि हृदय दोन्हींचा धोका वाढतो. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल. लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या अर्काच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल यांनीही रक्तस्राव वाढू शकतो, डॉक्टरांना सांगूनच घ्या. फोडणीतल्या लसणाला आणि हळदीला कुणाची हरकत नाही.

पाचवी, उपवास. एकादशीला, नवरात्रात गोळ्यांचंही व्रत धरणारे आहेत. वारीला निघालेल्यांच्या गोळ्या नीरेपर्यंतच पुरतात आणि पुढे "विठ्ठल बघून घेईल" असं होतं. गोळी पाण्याबरोबर घेतली तर उपवास मोडत नाही. वारीला पंधरवड्याच्या नाही, महिन्याच्या गोळ्या आणि चिठ्ठीची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. साखरेच्या गोळ्यांचा मात्र उपवासात डोस बदलावा लागतो, तो आधी विचारा.

गोळी विसरली तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर ती सोडा, दोन एकदम घेऊ नका.

पैशांचंही बोलायला हवं, कारण गोळ्या सुटण्यामागं बहुतेक वेळा तेच असतं, लाजेपोटी लोक विस्मरण सांगतात. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण यातल्या बहुतेक गोळ्या जन औषधी केंद्रात जेनेरिक नावानं फार स्वस्त मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून प्लास्टी झाली असेल तर नंतरच्या तपासण्या आणि औषधांचं पॅकेज मिळतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. महागडी गोळी परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. टिकाग्रेलॉर अधूनमधून घेण्यापेक्षा क्लोपिडोग्रेल रोज घेणं परवडलं, पण ही अदलाबदल त्यांनीच करायची, कारण बदलताना पहिला डोस वेगळा असतो.

रक्तस्रावाकडे लक्ष ठेवा. ब्रश करताना थोडं रक्त, हातावर एखादा निळा डाग, हे चालायचंच. डांबरासारखी काळी, चिकट शौच, लघवीत रक्त, दहा-पंधरा मिनिटं नाक दाबूनही न थांबणारं नाकातलं रक्त, अचानक भयंकर डोकेदुखी, यांतलं काही झालं तर थेट रुग्णालय. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. त्या चालू असतील तर तेही सांगा.

पायातल्या नसेची प्लास्टी झाली असेल तर

मधुमेहींमध्ये आणि तंबाखूवाल्यांमध्ये हे वाढतंय. मांडीची लांब नस चालताना वाकते, पिळवटते, त्यामुळे तिथं पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण हृदयापेक्षा जास्त. तिथं पॅक्लिटॅक्सेल या वण रोखणाऱ्या औषधाचा लेप दिलेला फुगा वापरतात. फुगा फुगवून भिंतीवर औषध उतरवायचं आणि बाहेर काढायचा, आत धातू राहत नाही. २०१८ च्या अखेरीस एका विश्लेषणानं या फुग्यांवर जास्त मृत्यूंचा संशय घेतला आणि जगभर वापर मंदावला. पुढे मोठी आकडेवारी जमल्यावर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तो संशय टिकत नसल्याचं जाहीर केलं. जुना व्हिडिओ पाहून घाबरला असाल तर हे लक्षात घ्या.

गोळ्यांमध्ये ॲस्पिरिनबरोबर काही दिवस क्लोपिडोग्रेल, किंवा रिव्हारोक्साबॅन २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. हा डोस नेहमीच्या डोसापेक्षा बराच लहान आहे, दुकानदाराकडून दहाची गोळी हातात पडणार नाही एवढं पाहा. सिलोस्टाझॉल ही त्यातल्या त्यात वण रोखण्यातही थोडी मदत करणारी गोळी. उपाशीपोटी घ्यायची, जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा दोन तासांनी. डोकं दुखतं, धडधडतं. हृदय कमजोर असलेल्यांना मात्र ती वर्ज्य. पायासाठी लिहिलेली गोळी हृदयाचं पंपिंग विचारूनच सुरू करा.

पुन्हा त्रास सुरू झाला तर

एकाएकी छातीवर दगड ठेवल्यासारखं दुखणं, घाम, जबडा किंवा डावा हात भरून येणं, हे गुठळीचं समजा. १०८ ला फोन, आणि शक्यतो कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करायची सोय) असलेलं रुग्णालय. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट दिलेली असेल तर बसून घ्या, उभ्यानं घेतली तर बीपी पडून चक्कर येते. ताकदीसाठी म्हणून सिल्डेनाफिलसारखी गोळी गेल्या दोन दिवसांत घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घेऊ नका, आणि रुग्णालयात लाजू नका, सांगा.

हळूहळू आलेलं वेगळं. प्लास्टीनंतर तीन महिने जिना सहज चढत होता, आता दुसऱ्या मजल्यावर छाती आवळते. देवळापर्यंत न थांबता जायचात, आता कोपऱ्यावर थांबता. हे त्या सावकाश वाढणाऱ्या वणाचं लक्षण असू शकतं. गोळ्या दुप्पट करून ते जात नाही. चार दिवसांत डॉक्टरांना दाखवा, आणि विश्रांतीतही दुखायला लागलं तर त्याच दिवशी. मधुमेहींना कधीकधी दुखतही नाही, नुसता दम लागतो. काहीच त्रास नसताना मात्र "एकदा बघून घेऊ" म्हणून अँजिओग्राफी करायची गरज नसते.

स्टेंटमध्ये वण निघालाच तर एक प्रश्न आवर्जून विचारा: पहिला स्टेंट पूर्ण उघडला होता का? बऱ्याचदा दोष औषधाचा नसतो. कडक चुन्यासारख्या थरात स्टेंट अर्धवट फुललेला असतो. नसेच्या आत जाणाऱ्या सोनोग्राफीच्या तारेनं किंवा ओसीटीनं, म्हणजे प्रकाशानं आतलं चित्र घेणाऱ्या तपासणीनं, ते दिसतं. तसं असेल तर जास्त दाबाच्या फुग्यानं तो आधी नीट उघडतात. मग नवा औषधी स्टेंट किंवा औषधी फुगा. धातूवर धातूचा थर टाळायचा असेल तर फुगा बरा. २००६ मध्ये जर्मन डॉक्टरांनी पॅक्लिटॅक्सेलच्या फुग्यानं स्टेंटमधला वण मोकळा केल्याचं दाखवलं. अमेरिकेत मात्र हृदयासाठी अशा फुग्याला मान्यता मिळायला २०२४ उजाडलं. सिरोलिमसचा फुगा सुरतमध्येही बनतो. वारंवार बुजत असेल, तीन वाहिन्या खराब असतील, त्यात मधुमेह असेल, तर बायपासचा विषय निघेल. तो निघाला म्हणजे प्लास्टी फुकट गेली असं नाही.

दुसऱ्यांदा फुगा किंवा स्टेंट झाला की दोन गोळ्यांची मुदत पहिल्यापासून मोजायची. नवी तारीख विचारा आणि डब्याच्या झाकणावरची जुनी खोडून ती लिहा.